लोकगीतांची छोटी बैठक कुठं ठेवावी? वाड्याचा चौक, बेदाणा शेड, सतारमेकर गल्ली की कृष्णेचा घाट

सांगली-मिरजेत लोकगीतांची छोटी बैठक ठेवायची ठरली की पहिला प्रश्न जागेचा निघतो. माणसं चाळीस-पन्नास, माईक नको, नाट्यगृह नको, गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ दिसेल इतक्या जवळ बसायचं. मग कुणी गावभागातला जुना वाडा सुचवतं, कुणी तासगावकडच्या मळ्यातली बेदाणा शेड, कुणी मिरजेतला सतारींचा कारखाना. कृष्णेचा घाट तर सगळ्यांच्याच तोंडी असतो.

चारही जागा मला आवडतात. पण एकीत जे गाणं खुलतं ते दुसरीत अक्षरशः मरतं. म्हणून जागा बघायला निघण्याआधी कोण गाणार हे पक्कं करा. ही कला मुळात अंगणात, माळावर, देवळापुढं, माजघरात वाढलेली आहे. प्रत्येक प्रकाराला लागणारी उंची, मोकळी हवा आणि विस्तव वेगळा आहे. विस्तव हा शब्द मुद्दाम वापरते आहे. गोंधळात, म्हणजे देवीच्या जागराच्या गाण्यात, दिवटी (पेटती मशाल) लागते. हलगीचं कातडं सैल पडलं की ती शेकावी लागते. जिथं विस्तव चालत नाही तिथं ही दोन्ही वाद्यमंडळं बोलवू नयेत, आणि जागा निवडताना नेमकी हीच गोष्ट कुणी विचारत नाही.

वाड्याचा चौक

गोंधळ ठेवायचा असेल तर मी डोळे झाकून चौक निवडेन. जुन्या वाड्याचा चौक म्हणजे वरून आभाळ, चारी बाजूंनी ओसरी, लाकडी खांब, मातीच्या जाड भिंती. माती आणि लाकूड आवाज शोषतात, उरलेला वर निघून जातो. त्यामुळं संबळाचे दोन काठ्यांचे ठोके डोक्यात घुमत नाहीत आणि तुणतुण्याची बारीक तारही ऐकू येते. आख्यानातला शब्द न् शब्द कळतो, आणि गोंधळात शब्द कळला नाही तर निम्मं गेलंच. श्रोते ओसरीवर, गोंधळी खाली चौकात, मध्ये पूजेची मांडणी (तिलाही चौकच म्हणतात) आणि कलश. ही रचना कुणी नव्यानं शोधायची गरज नाही, वाडा बांधतानाच ती झालेली असते.

वाडा बघायला गेलात की एक परीक्षा करा. एकानं तुळशीवृंदावनापाशी उभं राहून घरात बोलतो तशा आवाजात दोन वाक्यं बोलावीत, दुसऱ्यानं ओसरीच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात मांडी घालून ऐकावं. शब्द पोचले तर माईकची गरज नाही. डागडुजीत चौकावर पत्रा घातलेला असेल किंवा खाली गुळगुळीत फरशी आणि भोवती काचा आल्या असतील तर आवाज आदळत राहतो. तो वाडा दिसायला कितीही देखणा असो, सोडून द्या.

माडीवर माणसं बसवू नका. वरून चौक छान दिसतो हे खरं, पण शंभर-दीडशे वर्षांच्या तुळयांवर तीस माणसं एकदम ठेका धरायला लागली तर काय होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

वाड्याची दुसरी मोठी जमेची बाजू कुळाचाराची. अनेक घरांत लग्नानंतर किंवा ठरावीक वर्षांनी गोंधळ घालावाच लागतो. वाड्याच्या मालकांना सरळ विचारा, यंदा घरात गोंधळ आहे का? असेल तर त्याच दिवशी पाहुणे म्हणून पन्नास माणसांना येऊ द्यायची विनंती करा. गोंधळ्यांना मग ‘कार्यक्रम’ करावा लागत नाही. ते देवीला, खंडोबाला, जोतिबाला गावोगावहून बोलावतात ते खरंच बोलावणं असतं. हा फरक ऐकणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतो. स्वतंत्र कार्यक्रम ठेवणार असाल तर निदान पूर्वरंग, म्हणजे सुरुवातीचा देवांना बोलावण्याचा भाग, कापायला सांगू नका. वेळ कमी असेल तर उत्तररंगातलं आख्यान लहान निवडावं, आणि कोणतं ते नाईकांनाच, म्हणजे संचाच्या मुख्य गोंधळ्यालाच, ठरवू द्यावं.

शाहिरीलाही चौक चालतो. वाटेगाव अण्णाभाऊ साठ्यांचं, रेठरे हरणाक्ष पठ्ठे बापूरावांचं, आणि दोन्ही गावं आपल्याच वाळवा तालुक्यात. तेव्हा शाहीर शोधायला लांब जावं लागणार नाही. पोवाड्यात डफ आणि झीलकऱ्यांची (मागून सूर धरणाऱ्या साथीदारांची) जी-जी-जी अंगावर येते, ती चार भिंतींत आणखी येते. फक्त पुढच्या ओळीत लहान मुलं बसवू नका.

बेदाणा शेड

तासगाव, मिरजेचा पूर्व भाग, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षमळ्यांना लागून या शेड उभ्या आहेत. थरावर थर जाळ्या बांधलेल्या, बाजूंनी शेडनेट, वर छत. साधारण जानेवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत तिथं लवकर सुकावीत म्हणून डिपिंग ऑईलमधून काढलेली द्राक्षं पसरलेली असतात. त्या दिवसांत शेड मागणं म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईत पाय घालणं. पुढं मात्र ती मोकळी असते.

प्रत्यक्ष शेडच्या आत बैठक होत नाही, रॅकमधल्या बोळांत माणसं एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत. खरी जागा म्हणजे शेडपुढचं आवार. मागं शेडनेटची भिंत वारा अडवते, पुढं मोकळं रान. इथं धनगरी ओव्या आणि गजनृत्य, म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच, ठेवावं. धनगरी ढोल आणि कैताळ (मोठ्या झांजा) बंद जागेत ऐकणं हा छळ आहे. वाड्याच्या चौकातसुद्धा पाच ढोल जास्त होतात. गजनृत्याला रिंगण लागतं, आणि रिंगणाभोवती श्रोत्यांना मागं सरकायला जागा लागते. शेडपुढं ती असते.

या भागात बेदाणा होतो तो कोरड्या हवेमुळं. तीच कोरडी हवा ढोलाचं कातडं ताणलेलं ठेवते. घाटावर संध्याकाळी दमट हवेत जो ढोल अर्ध्या तासात बसका वाजायला लागतो, तो इथं रात्रीपर्यंत बोलतो. शिवाय ओवी गाणारे आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडचे असले तर हे रान त्यांच्या ओळखीचं असतं. आरेवाडीच्या बिरोबापुढं गाणाऱ्याला मळ्यात उभं राहिल्यावर काही वेगळं करावं लागत नाही. ओवीत गायलेला भाग आणि मधलं गद्य निवेदन, म्हणजे सपादणी, असा खेळ चालतो. सपादणी बोलताना गाणारा समोरच्यांकडं बघून बोलतो, कुणाला तरी हुंकार द्यायला लावतो. तीस-चाळीस श्रोते हा त्यासाठी उत्तम आकडा आहे.

गैरसोयी मात्र खऱ्या आहेत. मळ्यातली वीज शेतीच्या फीडरवर (वेगळ्या वीजवाहिनीवर) असेल तर ती आठवड्याच्या वेळापत्रकानं येते-जाते. जनरेटर लावला तर त्याची घरघर सगळ्या गाण्यात मिसळते. बॅटरीचे दिवे न्यावेत. स्त्री कलाकार असतील तर कपडे बदलायला आणि स्वच्छतागृहासाठी मळ्यातलं घर उघडं मिळेल याची आधी खात्री करा, शेडवर ही सोय नसते. पावसानंतर गवत वाढलेलं असतं, आवार आदल्या दिवशी साफ करून घ्यावं. शेवटचा कच्चा रस्ता म्हाताऱ्या माणसांना जड जातो.

सतारमेकर गल्ली

मिरजेत १९व्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्यं बनतात. हत्यारं करणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब या धंद्यातले आद्य कारागीर मानले जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारखाना म्हणजे प्रत्यक्षात एक-दोन खोल्या. वर टांगलेले पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, कोपऱ्यात तुणाचं लाकूड, खाली भुसा. वीस माणसं बसली की दार लावता येत नाही.

इथं ढोल, संबळ, हलगी काहीही आणू नका, आणि विस्तवाचं नावही काढू नका. लाकडाचा भुसा आणि पॉलिश यांच्या खोलीत दिवटी पेटवणं हा सरळ धोका आहे. पण एकतारी भजन ऐकायचं असेल, किंवा यल्लम्माची गाणी चौंडक्यावर (तिच्या भक्तांच्या, जोगत्यांच्या, एका तारेच्या तालवाद्यावर), तर या खोलीची सर दुसऱ्या कशाला नाही. तारा चढवून जुळवलेले तंबोरे भिंतीला असले आणि गाणाऱ्याचा षड्ज त्यांच्याशी जुळला, तर त्या तारा कुणी न छेडता गुणगुणतात. एकतारीवर गाणाऱ्या माणसाला मागून आलेली ही साथ ऐकू येते आणि तो आपोआप आवाज खाली आणतो. आम्ही मिरजकर किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात होणारं गाणं जवळ बसून ऐकत आलो आहोत. तेच कान चौंडक्याकडं वळवायला हरकत नाही, आणि वळवावेतच असं मला मनापासून वाटतं. शास्त्रीय वाद्यांच्या गल्लीत जोगत्यांचं वाद्य पाहुणं म्हणून आलं पाहिजे.

जात्यावरच्या ओव्यांसाठीही काहीजण अशी खोली सुचवतात. मी नाही म्हणेन. त्यासाठी पुन्हा वाड्यातच जा, पण चौकात नको, माजघरात. तिथं जातं बसवलेलं असतं. दोघी समोरासमोर बसून खरंच दळू द्या. जात्याची घरघर हाच त्या गाण्याचा सूर आणि ताल आहे, ती काढून घेतली तर बायकांना ओळी आठवेनाशा होतात. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ या संशोधकांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातून कळतं की हा साठा केवढा आहे आणि तो किती घरांच्या आत राहिलेला आहे. पंधरापेक्षा जास्त श्रोते नकोत, आणि पुरुष असले तर मागं, दाराशी.

घाट, आणि आणखी दोन सूचना

घाटाबद्दल थोडक्यात. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर किंवा सांगलीत आयर्विन पुलाच्या बाजूला बसलं की मन भरून येतं, पण ऐकायला मिळत नाही. मागं भिंत नाही, आवाज पाण्यावरून निघून जातो. दमट हवेत कातडी वाद्यं उतरतात. जून ते ऑक्टोबर विषयच सोडा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. हिवाळ्यात सकाळी काकड्याची भजनं, टाळ-पखवाजासह, पायऱ्यांवर दाटीनं बसून ऐकायची असतील तर घाट घ्या. एरवी नको.

हरिपूरच्या जुन्या हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, बैठक करायची कल्पना अधूनमधून निघते. ती कृपा करून सोडून द्या. पेव उघडल्यावरही आत श्वास घेण्याजोगी हवा नसते, हळद टिकते ती त्यामुळंच. आणि सातारच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर, जी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधली गेली, ती आवर्जून बघायला जा. पण खोल दगडी विहिरीत आवाज इतका घुमतो की पोवाड्याची एक ओळ दुसरीवर चढते. एकट्या सनईला तिथं कदाचित न्याय मिळेल, शब्दांच्या गाण्याला नाही.

वेळ आणि बिदागी

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपकच नव्हे, वाद्यंही वाजवता येत नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत बंदिस्त जागेला सूट आहे, पण वाड्याचा चौक वरून उघडा असतो, तो बंदिस्त धरून चालू नका. त्यामुळं वाघ्या-मुरळीचं रात्रभराचं जागरण या चारही जागांत नीट बसत नाही. त्यासाठी पौषात कराडजवळ पालच्या खंडोबाच्या यात्रेला जावं, किंवा ज्यांच्या घरी जागरण आहे त्यांचं आमंत्रण मिळवावं. दोन तासांत लंगर (वाघ्यानं तोडायची लोखंडी साखळी) तोडून उरकलेलं जागरण मला बघवत नाही.

पैशाचा हिशेब जागेबरोबरच करा. गोंधळ्यांचा संच चार-पाच जणांचा, गजनृत्याचा त्याहून बराच मोठा. वीस श्रोत्यांच्या वर्गणीतून मोठ्या संचाची बिदागी, गाडीभाडं आणि जेवण निघत नाही. कारखान्यातल्या बैठकीला एक-दोन कलाकारच परवडतात, आणि त्या खोलीला तेवढेच शोभतात. सुपारी देताना विसार द्या, उरलेली रक्कम गाणं सुरू व्हायच्या आधी पोचती करा. ताट फिरवून जमेल ते देऊ, असं कलाकाराला सांगू नका. श्रोते कमी ठेवायचा निर्णय आपला आहे, त्याची तूट त्यांच्या बिदागीतून भरून काढता येत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर वाड्याच्या चौकात गोंधळ किंवा पोवाडा ठेवा. चुकण्याची शक्यता सर्वांत कमी तिथंच आहे. श्रोते तयार असतील, लांब जायची हौस असेल, तर शेडपुढच्या धनगरी ओव्या यातला सर्वांत मोठा अनुभव देतील, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी तारीख दसरा ते दिवाळीच्या दरम्यानची धरा. पाऊस सरलेला असतो, शेड रिकामी असते, आणि मेंढरं घेऊन बाहेर पडणारी कुटुंबं अजून गावातच असतात. गोंधळ्यांच्या बाबतीत उलट आहे, नवरात्रात आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत त्यांना उसंत नसते. वाड्यासाठी भाद्रपदाच्या आधी किंवा थेट उन्हाळ्यातल्या तारखा विचारा, आणि उन्हाळा घेतलात तर चौक दुपारीच पाण्यानं शिंपडून ठेवायला सांगा.