पल्सचं मशीन की पाइपाच्या आत आर्गन?

भोसरीत आमच्या गाळ्याच्या मागच्या लायनीत एक पोरगा बाइकचे एक्झॉस्ट बेंड करतो. परवा टिग वेल्डिंगने जोडलेला, दीड मिमी जाडीचा, दोन इंची ३०४ स्टेनलेसचा पाइप घेऊन आला. "काका, पल्सवालं मशीन घ्यावं म्हणतो. याच्यावर ती नाण्यांची चळत काही येत नाही." चळत म्हणजे झाळीवर, वेल्डच्या रेषेवर, उठणारी कलंडलेल्या नाण्यांसारखी नक्षी. हात बरा आहे त्याचा. बाहेरून झाळ सरळ होती, फक्त राखाडी पडलेली. मी पाइप कटिंग व्हीलने उभा चिरला. आत जोडाच्या रेषेवर काळी, खरखरीत पपडी, पाक करपल्यावर पातेल्याला धरते तशी. याला आमच्यात साखर धरली म्हणतात.

पल्सबद्दल आधी बोलू, कारण त्याचीच भुरळ जास्त. पल्समध्ये मशीन स्वतःच करंट ठोक्याठोक्याने वर-खाली करतं. करंट वर गेला की धातू वितळतो, खाली आला की थोडा आवळतो. सेकंदाला एक ठोका लावा, प्रत्येक ठोक्याला फिलरच्या तारेची एक बुडी द्या, चळत दिसायला लागते. पातळ पाइपाला याचा फायदा आहेच. ३०४ उष्णता वाहून नेण्यात माइल्ड स्टीलच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच, आणि तापल्यावर फुगतं मात्र जवळपास दीडपट. म्हणजे उष्णता जोडाजवळच साठते आणि बेंड ओढला जातो. पल्सने ती थोडी कमी होते. पण हेच काम करंट कमी-जास्त करणारं पायाखालचं पेडलही करतं, सराव झाला की. आणि पाइपाच्या आत काय चाललंय याच्याशी पल्सला काही देणंघेणं नाही.

आत चाललेलं असतं ते असं. दीड मिमीच्या भिंतीत झाळ आरपार उतरते, म्हणजे मागची बाजूही लालबुंद होते. टॉर्चमधून येणारा आर्गन, म्हणजे हवा दूर ठेवणारा गॅस, बाहेर; आत साधी हवा. स्टेनलेसमधल्या क्रोमियमने ऑक्सिजन धरला की साखर. तिथून तडा जायला सुरुवात होते, गंजायलाही. आणि माझा अनुभव सांगतो, मागून मळलेला धातूचा रस समोरूनही जड चालतो. मग पोरं करंट वाढवतात, हात मंदावतो आणि रंग जातो. गव्हाच्या काडीसारखा सोनेरी सर्वांत चांगला, निळा-जांभळा चालतो, राखाडी म्हणजे भाजलं.

आत आर्गन भरायचा तर खर्च किती? इथे लोक उगाच घाबरतात. दोन इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये साधारण १.८ लिटर हवा मावते. पाच वेळा आतली हवा बदलायची म्हणजे नऊ लिटर, मिनिटाला पाच लिटरने दोन मिनिटांचं काम. मग झाळताना तेवढंच चालू ठेवा, वीस मिनिटं धरली तर १०० लिटर. सात घनमीटरच्या बाटलीत सात हजार लिटर असतात. हिशेब तुम्हीच करा.

दोन्ही टोकांना अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी, जोडाच्या फटीवरही तीच, जसजसे पुढे जाल तसतशी सोलायची. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून नळी खालच्या टोकाला आणि बाहेर पडायचं भोक वरच्या. हे भोक विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. पूर्ण फेरी देखणी झाली, शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला आतला दाब कोंडला आणि वितळलेला थेंब माझ्याच दिशेला फुटला. तयार बेंडला मटारएवढं भोक. गिऱ्हाईक समोर चहा पीत बसलेलं. टाके (जोड धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारतानाही आत गॅस हवाच, नाहीतर चार टाक्यांखाली चार काळे ठिपके आधीच बसलेले असतात.

मागून फ्लक्सची, म्हणजे हवा अडवणाऱ्या पुडीची, पेस्ट लावायचा तिसरा मार्गही आहे. स्पिरिटमध्ये कालवून आतून फासतात. शेतातल्या टाकीला, रेलिंगला ठीक. पण आत काचेसारखा थर राहतो. पुढे ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा टर्बो असेल तर मी लावत नाही. (फटाके फोडणारे सायलेन्सरही करत नाही, पोलिसांनी रोडरोलरखाली घातलेले पाहिलेत.)

आता पैसे कुठे घालायचे ते. पल्सच्या मशीनला जास्तीचे जे पडतात, त्यात बहुतेक वेळा दोन फ्लोमीटरचा रेग्युलेटर (एक टॉर्चला, एक पाइपाच्या आत), गॅस लेन्स (टॉर्चमधली जाळी), आठ नंबरचा कप (टॉर्चचं तोंड) आणि एक चांगला पेडल बसतो. गॅस लेन्सने आर्गन भोवरा न करता सरळ उतरतो, टंगस्टनचं टोक थोडं जास्त बाहेर काढता येतं, कोपऱ्यात दिसतं. मिनिटाला आठ-दहा लिटर पुरे. फार वर नेलंत तर गॅस उलट हवा ओढून घेतो. गाळ्यातला पंखाही बंद, एप्रिल असला तरी. आणि झाळ संपल्यावर टॉर्च लगेच उचलू नका, दहा सेकंद गॅस चालू राहू द्या.

त्या पोराला मी मशीन घेऊ नको म्हटलं. त्याच्या मशीनला हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट (टंगस्टन न टेकवता ठिणगी) आहे, नंतरच्या गॅसची वेळ लावता येते, बस झालं. दीड मिमीला ६० अँपियर, ३०८एल फिलर, जोडात कागद शिरता कामा नये, आणि माइल्ड स्टीलवर फिरवलेला ब्रश स्टेनलेसला लावायचा नाही, नाहीतर पावसाळ्यात तांबडे डाग.

रोज एक मिमीचे तेच-तेच तुकडे, फिरत्या चकावर, दिवसभर, असं काम आलं तर पल्स घ्यावंच; तिथे हाताला दम पुरत नाही. त्याच्याकडे महिन्याला आठ-दहा बेंड.

रेग्युलेटर आणला त्याने. गुरुवारी लाइट नव्हती, म्हणून शुक्रवारी सकाळी चिरून दाखवायला आला. आत पांढरी, पातळ रेघ. बाहेर चळत अजून वाकडी आहे, पण सोनेरी आहे.