मियाटा की बॉक्स्टर? आधी हात कुठवर पोचतो ते बघू

"काका, त्याच पैशात बॉक्स्टर मिळतेय. पोर्शा म्हणजे शेवटी पोर्शाच ना?"

इथे न्यू जर्सीत ओळखीच्या एका मुलानं मला हे विचारलं. एकीकडे चांगली सांभाळलेली 1995 ची माझदा मियाटा, दुसरीकडे 2001 ची पोर्शा बॉक्स्टर, दोन्ही दोन सीटच्या, उघड्या टपाच्या गाड्या, आणि किंमत जवळपास सारखी. पहिल्या पिढीच्या मियाटाचे भाव हौशी लोकांनी चढवून ठेवलेत आणि पहिल्या पिढीची बॉक्स्टर अजून पोर्शाच्या मानानं स्वस्त मिळते, म्हणून हा पेच पडतो. मी गेली कित्येक वर्षं मियाटा बाळगून आहे आणि एका मित्राच्या बॉक्स्टरखाली बरेच रविवार पाठीवर पडून काढलेत. त्यामुळे दोन्हींबद्दल बोलायचा थोडा अधिकार आहे असं धरून चालतो.

कागदावर ही तुलना होतच नाही. मियाटा फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली ती 1.6 लिटरच्या इंजिनानं, 116 हॉर्सपॉवर घेऊन. 1994 पासून 1.8 लिटर, 128 हॉर्सपॉवर. बॉक्स्टर 1996 ची, अमेरिकेत 1997 चं मॉडेल म्हणून विकायला आली. सुरुवातीला 2.5 लिटर, 201 हॉर्सपॉवर. 2000 च्या मॉडेलपासून 2.7 लिटर आणि वर 'एस' नावाची 3.2 लिटरची. सहा सिलिंडर, आडवं इंजिन, तेही सीटच्या पाठीमागे. आवाज ऐकलात तर मियाटा शिवणयंत्रासारखी वाटेल. पण पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत पळण्यापेक्षा कुरबुरींशी जास्त संबंध येतो, आणि मी तुलना करतो ती त्यांचीच. बारीक दुखणी दोघींनाही आहेत. प्रश्न इतकाच, की दुखऱ्या जागी तुमचा हात पोचतो का.

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण उघड्या टपाच्या गाडीचा खरा शत्रू तोच. दोन्ही गाड्यांत टपाच्या कडेनं येणारं पावसाचं पाणी खाली सोडायला दोन बाजूंना भोकं आणि नळ्या असतात. शरद ऋतूत झाडाखाली गाडी उभी केली की पानं, माती, पाईनच्या सुया तिथे जाऊन बसतात. मियाटात ही भोकं सीटच्या मागे, बेल्टच्या खांबाजवळ आहेत. तुंबली की पाणी सीटमागच्या कार्पेटवर आणि दारांखालच्या पत्र्याच्या पोकळीत साठतं आणि मागच्या चाकाच्या पुढ्यात पत्रा आतून खायला लागतं. बाहेर रंगाला एखादा फुगा दिसतो तोवर आत चाळण झालेली असते. त्यात इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे बघायलाच नको. उपाय मात्र फुकटचा: गवत कापायच्या यंत्रात घालतात ती नायलॉनची जाड दोरी घ्यायची, टोक जरा गोल करायचं आणि हळूहळू भोकात सरकवायचं. वरून मगभर पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडतंय का बघायचं. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी निसटते आणि मग खरंच कार्पेट उचकटावं लागतं.

बॉक्स्टरची भोकं टप घडी होऊन बसतो त्या कप्प्याच्या पुढच्या कोपऱ्यांत आहेत. साफ करायची रीत तीच. बॉडी पूर्ण गॅल्व्हनाइज्ड असल्यामुळे पत्र्याचं तितकं भय नाही, आणि हा पोर्शाचा मोठाच गुण. पण पाणी आत आलं तर वाहत जातं ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि तिथे चटईखाली बसवलाय अलार्म आणि किल्ली ओळखणारा कंट्रोल बॉक्स! तो भिजला की गाडी आपल्याच मालकाला ओळखेनाशी होते. स्टार्टर फिरत नाही, दिवे आपोआप लुकलुकतात, आणि नवा बॉक्स बसवला तरी तो त्या गाडीसाठी प्रोग्राम करून घ्यावा लागतो. म्हणजे कारण तेच, मूठभर पानं. एकीकडे पत्रा जातो, दुसरीकडे मेंदू.

टपाबद्दल थोडक्यात. मियाटाचा टप हातानं उघडायचा, दोन खिट्या आणि एक झिप. बिघडायला त्यात फारसं काही नाही, मालक सोडून. एका नोव्हेंबरात थंडीनं कडक झालेली मागची प्लॅस्टिकची खिडकी झिप न उघडता मी तशीच खाली घडी केली. काच फुटल्यासारखा आवाज आला आणि मध्यावर वीतभर चीर. चूक सर्वस्वी माझी. 2002 पर्यंतच्या बॉक्स्टरलाही मागे प्लॅस्टिकच आहे (2003 पासून काच आली) आणि तिथेही जाणकार मंडळी टप अर्ध्यावर थांबवून घडीवर हाताची कड मारतात. पण बॉक्स्टरचा टप विजेवर चालतो, आणि बटण दाबूनही तो हलत नसला की लोक घाबरतात. आधी हँडब्रेक पूर्ण ओढलाय का बघा. तो ओढल्याशिवाय टप हलतच नाही, आणि हँडब्रेकचा किंवा वरच्या खिटीचा बारका स्विच दगा देत असला तरी लक्षण तेच. मोटर फिरतेय पण टप तिरका जातोय, तर दांड्यांच्या टोकाची प्लॅस्टिकची वाटी तुटलेली असते. वाटी स्वस्त आहे, बसवायला चिकाटी लागते.

आता इंजिन. मियाटाचं बॉनेट उघडलं की सगळं ताटात वाढल्यासारखं समोर. चार स्पार्क प्लग वरून सरळ खाली. वायर ओढली, लांब सॉकेट घातला, वीस मिनिटांत चारही बदलून चहा. अपवाद ऑइल फिल्टरचा. तो इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, नळ्यांखाली अशा जागी बसवलाय, की हात आत गेला तर डोळ्यांना दिसत नाही आणि डोळ्यांना दिसला तर हात जात नाही. फिल्टर सैल झाला की गरम तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. इतक्या वर्षांत मला ते एकदाही टाळता आलेलं नाही. बाकी चार लिटरच्या आत तेल, एक वॉशर, झालं.

बॉक्स्टरला इंजिनाचं झाकणच नाही. मागच्या डिकीत दोन टोप्या दिसतात, एक तेलाची, एक कूलंटची. इंजिनाचं दर्शन हवं तर टप अर्धवट उघडून ठेवायचा, त्याचा मागचा भाग सोडवायचा, कार्पेट काढायचं, खालचं झाकण उघडायचं. प्लग बदलायचे तर गाडी स्टँडवर, मागची चाकं बाहेर, आणि तुम्ही खाली. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल आहे, दोन ॲलन बोल्टवर. या कॉइलना बारीक तडे जातात आणि पावसाळी हवेत एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही, गाडी थरथरते. ऊन पडलं की जणू काही झालंच नव्हतं. यात बॉक्स्टरची एक बाजू भक्कम आहे: गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा साधा कोड रीडर लावला की कुठल्या सिलिंडरची तक्रार आहे ते सांगते. 1996 च्या आधीच्या मियाटाला ही सोय नाही. तिथे बॉनेटखालच्या डबीत दोन टोकं तारेनं जोडायची आणि डॅशबोर्डवरचा दिवा किती वेळा मिचकावतो ते मोजायचं. मला स्वतःला ते आवडतं, पण सगळ्यांना आवडेल असं नाही.

एकाच लक्षणाची दोन बिलं कशी येतात ते तेलाच्या थेंबावरून कळेल. समजा सकाळी गाडीखाली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली, तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला. मियाटा असेल तर कुणीतरी हमखास म्हणणार, क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. थांबा. टॉर्च घ्या आणि सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला बघा. तिथे कॅम अँगल सेन्सर आहे आणि त्याची रबरी रिंग वयानं बांगडीसारखी कडक होते. तेल तिथून निघतं, हेडच्या पाठीवरून उतरतं आणि गिअरबॉक्सपाशी थेंब धरतं. सेन्सर कुठल्या कोनात बसलाय त्याची खूण पेननं करून ठेवा, कारण तो फिरला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हललं. मग एक बोल्ट, नवी रिंग, पुन्हा खुणेवर. खर्च एका कॉफीचा. जागा अडचणीची आहे, बोटं खरचटतात, पण शनिवारची सकाळ पुरते.

तोच डाग बॉक्स्टरखाली असेल तर तेल बहुधा क्रँकच्या मागच्या सीलमधून किंवा त्याच्या शेजारच्या मधल्या शाफ्टच्या झाकणातून येत असतं, आणि गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागतो. या मधल्या शाफ्टची बेअरिंग म्हणजे या इंजिनाची बदनाम आयएमएस बेअरिंग. ती गेली तर इंजिन जातं. सुरुवातीच्या गाड्यांत ती दुहेरी रांगेची होती, 2000 च्या सुमारास एकेरी आली आणि एकेरी जास्त नाजूक. हे किरकोळ दुखणं नव्हे, पण किरकोळ डागाची चौकशी करताना त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. म्हणून शहाणे लोक क्लच बदलतानाच सील आणि बेअरिंग उरकून घेतात, आणि दर ऑइल चेंजला फिल्टर कापून कागदाच्या घड्यांत धातूची चमकी आहे का बघतात. विकणाऱ्याकडे या कामाचं बिल असेल तर गाडीची किंमत मी बिनतक्रार जास्त देईन.

मियाटाला यातलं काहीच नाही असं नको समजूस, असं मी त्या मुलाला बजावलं. 1990 आणि 1991 च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकचं नाक, म्हणजे पुढचं टोक, आखूड होतं, पुली जागेवर धरणारी पाचर झिजून पुली डुगडुगायची. पुढच्या पुलीत चार खाचा असतील तर ते आखूड नाक, आठ असतील तर पुढचं सुधारलेलं. 1995 ची गाडी यातून सुटली. टायमिंग बेल्ट 60,000 मैलांना बदलायचा, पण तुटलाच तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. टो करून आणा, नवा घाला, चालू. सकाळी थंड इंजिनाची टकटक हायड्रॉलिक लिफ्टर्सची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या, तेलानं भरलेल्या भागांची असते. ताजं, योग्य ग्रेडचं तेल घालून गाडी जरा पळवली की बहुतेक वेळा शांत होते. नाही झाली तरी मी झोप घालवत नाही. रेडिएटरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या तपकिरी दिसायला लागल्या की मात्र वाट बघू नका. आणि क्लचचं पेडल एके दिवशी जमिनीला टेकणार आहे हे धरूनच चाला. गिअरबॉक्सच्या बाजूला पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर आहे, त्याची रबरी टोपी बोटानं सोलून बघायची. आत ओल असली की तो गेला. बदलायला दोन बोल्ट आणि एक नळी. वरचा, पेडलजवळचा मास्टर सिलिंडरही त्याच दिवशी बदला, नाहीतर नव्याचा जोर जुन्याला सोसत नाही आणि महिन्याभरात पुन्हा तेच काम.

बॉक्स्टरच्या आणखी तीन गोष्टी. मागच्या डिकीत गोडसर वास आणि कार्पेट दमट म्हणजे कूलंटच्या टाकीला तडा. गाडी सुरू करताच मागे पांढऱ्या धुराचा ढग, आणि इंजिन चालू असताना तेलाची टोपी ओढून निघत नाही, तर हवेतून तेलाची वाफ वेगळी करणारा एअर-ऑइल सेपरेटर फाटलाय. तो इनटेकच्या नळ्यांखाली दडलेला, म्हणजे दिवस गेला. किल्ली अडकते, पंखा किंवा वायपर मधूनच बंद पडतात, तर इग्निशन स्विचचा मागचा विजेचा भाग. तो फोक्सवॅगन-ऑडीच्या गाड्यांतलाच आहे, त्यांच्या नावाच्या खोक्यातला घ्या, पैसे वाचतील.

दिव्यांत बरोबरी. मियाटाचे हेडलाइट मोटरनं वर उघडतात नि खाली मिटतात. एक डोळा उघडा नि एक मिटलेला राहिला तर रिट्रॅक्टरचा फ्यूज काढून मोटरवरची रबरी टोपी उचला आणि खालचा गोळा हातानं फिरवा, दिवा वर येतो. बॉक्स्टरचा अख्खा हेडलाइट पुढच्या डिकीतल्या भोकात गाडीबरोबर मिळणारा पाना घालून फिरवला की ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो. या एका बाबतीत जर्मनांना पैकीच्या पैकी गुण.

मग घ्यावी कुठली? स्वतःच्या हातानं करायची हौस असेल, ड्राइव्हवे आणि पान्यांचा एक डबा एवढंच भांडवल असेल, तर मियाटा. पार्ट मुबलक, चुका माफ, आणि वर्षभरात तुम्ही बरे फिटर व्हाल. रोज टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेवर, चाळीस मैल जायचं असेल, तर मात्र मियाटात कान किटतील. तिथे दोन डिक्या असलेली, हायवेच्या वेगातही शांत बसणारी बॉक्स्टर हजारपट बरी. पण गाडीच्या किमतीच्या निदान पाव रक्कम बाजूला ठेवून, आणि पोर्शा जाणणारा एखादा स्वतंत्र मेकॅनिक आधी शोधून. दोन्हींपैकी काही जमत नसेल तर नुसतं त्या बिल्ल्यासाठी घेऊ नका.

मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि शनिवारी बॉक्स्टरच बघायला गेला. वय आहे. मी एवढंच सांगितलं होतं, की आदल्या रात्री पाऊस झालाय, तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी सीटपुढच्या चटईखाली हात घालून दाब. अकराच्या सुमारास फोन आला.

"काका, बोटं ओली झाली."

"कुठल्या बाजूला?"

"ड्रायव्हरच्या."

"मग मियाटावाल्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"