साठ टक्के स्कॉलरशिप आणि तीन ओळींचा फॉर्म

बार्शीत माझी पिठाची गिरणी आहे. गिऱ्हाईक दळण टाकतं आणि काट्याकडे डोळे लावून उभं राहतं. मला त्याचा कधी राग आला नाही, पैसे त्याचे, धान्य त्याचं. पण मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी मी स्वतः मात्र काट्याकडे पाठ करून बसलो, आणि त्यात 3 लाख 2 हजार रुपये आणि पोरीचं एक वर्ष गेलं. यंदा ज्यांच्या घरी बारावी आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

2024 च्या मे महिन्यात स्टँडच्या रस्त्यावर फ्लेक्स लागला होता, ‘इंजिनिअरिंगसाठी मोफत स्कॉलरशिप टेस्ट’. एका मंगल कार्यालयात चाळीस प्रश्नांचा पेपर झाला. दोन दिवसांनी फोन आला, ‘काका, अभिनंदन! तुमच्या मुलीला साठ टक्के मेरिट स्कॉलरशिप लागली.’ घरात पेढे आणले. त्या हॉलमध्ये बसलेल्या जवळजवळ प्रत्येक पोराला पन्नास नाहीतर साठ टक्के ‘लागले’ होते, हे नंतर कळलं.

फोन करणारे हे सर म्हणजे ॲडमिशनचा सल्ला देणारे काउन्सेलर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं साखरेसारखं. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाची फी वर्षाला 3 लाख 60 हजार, त्यात साठ टक्के सूट, म्हणजे 1 लाख 44 हजार. आम्हाला वाटलं, दोन लाख सोळा हजार वाचले. आता विचार करतो तेव्हा हसू येतं. कापड दुकानदार आधी भाव चढवतो आणि मग सेल लावतो, हे आम्हाला दर दिवाळीला कळतं. इथे ‘मेरिट’ शब्द आला आणि अक्कल गहाण पडली.

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल 16 जूनला लागला. मुलीला 89 पर्सेंटाइल. सर म्हणाले, ‘25 हजार भरून सीट धरून ठेवा. कॅपचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा फॉर्मही भरू, तिकडे चांगलं काही लागलं तर बघू. तुम्हाला ते जमायचं नाही, मी भरतो.’ त्यांच्या सल्ल्याचे 15 हजार वेगळे. ते फोनपेवर घेतले, तेही बाईमाणसाच्या नावावरच्या खात्यात. पावती शेवटपर्यंत मिळाली नाही. कॅपच्या नोंदणीत मोबाईल नंबर त्यांनी स्वतःचा टाकला, पासवर्डही त्यांच्याकडेच. ‘काका, मेसेज मला येतील, तुम्ही निवांत राहा.’ आणि आम्ही निवांत राहिलो!

मध्येच 8 जुलैला सरकारचा निर्णय आला. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांतल्या मुलींची घरची मिळकत आठ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ते निम्मं माफ होतं. आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला 1 लाख 40 हजाराचा. मुलीने पेपर आणून दाखवला, ‘आप्पा, हे आपल्यासाठीच आहे.’ मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘काका, सरकारचे पैसे कधी येतात कोण बघतंय? कॉलेजवाले आधी भरूनच घेतात.’ असं कुठेकुठे घडतंही, म्हणूनच मला ते पटलं. निव्वळ खोटं बोलला असता तर मी कदाचित सावध झालो असतो.

कॅपचा पहिला राउंड झाला, काही लागलं नाही. दुसऱ्यातही नाही. ‘बघितलंत? बरं झालं सीट धरून ठेवली.’ मी त्यांचे आभार मानले हो! पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज काढलं, मंडळींच्या पाटल्या गहाण ठेवल्या. फी 1 लाख 44 हजार (आधीचे 25 हजार त्यातच), ‘इतर शुल्क’ म्हणून 38 हजार, हॉस्टेल आणि मेस 1 लाख 5 हजार. स्कॉलरशिप फक्त शिकवणीच्या फीवर असते, बाकीच्यावर नाही, हे काउंटरवर कळलं.

खरा उलगडा दिवाळीनंतर झाला. मुलगी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली, तर कुठेच बसेना. मग कळलं की ही फीमाफी कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते. खासगी विद्यापीठ त्यात येत नाही. खासगी कॉलेजातल्या मॅनेजमेंट कोट्यालाही ती नाही. म्हणजे सरकारची फुकटातली जागा सोडून आम्ही सवलतीतली विकत घेतली होती.

तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला 84 पर्सेंटाइल होते. तिला सोलापुरात कॅपमधून जागा मिळाली, फी माफ. मग आपल्या 89 ला काहीच कसं लागलं नाही? मुलीने सरांच्या मागे लागून लॉगिन मिळवलं आणि ऑप्शन फॉर्मची प्रिंट काढली. कॅपमध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. आमच्या फॉर्मवर तीन ओळी होत्या. सीओईपी कॉम्प्युटर, व्हीजेटीआय कॉम्प्युटर, सीओईपी इलेक्ट्रॉनिक्स. ही पुण्या-मुंबईतली नामांकित कॉलेजं. 89 ला यातलं काही लागणार नाही, हे ज्याला पाच वर्षांचे कटऑफ तोंडपाठ आहेत त्याला ठाऊक नव्हतं? नंबर लागूच नये म्हणून तो फॉर्म भरला होता. तो कागद मी गिरणीत खिळ्याला अडकवून ठेवलाय.

जानेवारीत पहिल्या सेमिस्टरचा निकाल आला, दहापैकी 7.4. स्कॉलरशिपच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की दर सेमिस्टरला 8.5 पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी पूर्ण फी. खाली माझी सही. पोलिसांत गेलो तर हवालदार म्हणाले, ‘सही तुमचीच ना?’ त्यावर काय बोलणार.

मुलीनेच ठरवलं, परत सीईटी द्यायची. मला ते जिवावर आलं होतं, पण पुढची तीन वर्षं दरवर्षी 3 लाख 60 हजार कुठून आणणार? दाखला मागायला गेलो तर विद्यापीठ म्हणालं, आधी चारही वर्षांची फी भरा. मूळ कागदपत्रं अशी अडवून ठेवायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मनाई आहे, हे एका निवृत्त प्राध्यापकांनी सांगितलं. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार केली, तिची प्रत कुलसचिवांना दिली. तीन आठवड्यांनी दाखला मिळाला. पैशाचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

2025 ला तिला 87 मिळाले, दोन कमीच. या वेळी नंबर तिचा, पासवर्ड तिचा. चार रात्री गिरणीच्या कट्ट्यावर बसून तिने मागच्या वर्षीच्या कटऑफची वही केली. प्रत्येक खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, तिथून आकडे उतरवले. टीएफडब्ल्यूएस नावाची सोयही तेव्हाच कळली. आठ लाखांच्या आत मिळकत असणाऱ्यांना शिक्षण शुल्क माफ असलेल्या पाच टक्के जास्तीच्या जागा असतात, त्यांच्या कोडच्या शेवटी ‘टी’ असतं. माझ्या मुलीने असे ‘टी’चे कोड आधी, मग साधे, असे 83 पर्याय भरले. मी शेजारी बसून एकेक ओळ वाचून घेत होतो, काट्यावर बघतात तसं.

सोळाव्या नंबरचं कॉलेज लागलं. शिक्षण शुल्क शून्य. हॉस्टेल आणि किरकोळ शुल्क भरलं, त्याच्या पावत्या आहेत. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.

यंदा मे महिन्यात स्टँडच्या रस्त्यावर परत फ्लेक्स लागला. खालचा मोबाईल नंबर बदललाय, आणि साठ टक्क्यांचे पंच्याहत्तर झालेत.