पवन मावळातली दोन दिवसांची गडसहल: वाटाड्या उत्तम, नियोजन कच्चं

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी खडकवासल्याच्या कालव्यावर. त्यामुळे कुठेही गेले तरी पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, याकडे माझं आधी लक्ष जातं. लोहगड मी कॉलेजात असताना केला होता, तिकोनाही दोनदा झालाय. पण तेव्हा आम्ही धावत वर जायचो, भेळ खायचो आणि धावत खाली यायचो. या नोव्हेंबरात धाकट्या जाऊबाईंबरोबर पुन्हा हेच गड केले आणि गडावर राहायचं म्हणजे काय, हे साठी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं. ते ज्याच्यामुळे कळलं त्या वाटाड्याबद्दल आणि एकूण सहलीबद्दल सविस्तर लिहिते. आयोजकांचं नाव देत नाही, कारण तक्रारी त्यांना फोनवर सांगितल्या आहेत आणि त्यांनी त्या नीट ऐकून घेतल्या.

माणशी २६०० रुपये. त्यात बस, चहा-नाश्ता, तीन जेवणं आणि पवना धरणाकाठच्या एका घरात मुक्काम. शनिवारी सकाळी सहाला नळस्टॉपवरून निघायचं होतं, बस आली सहा पन्नासला. "फक्त वीस जण" असं सांगून पैसे घेतले होते, मोजले तर एकतीस भरले. हा आकडा मला शेवटपर्यंत खुपला. अरुंद पायऱ्यांवर एकतीस माणसं म्हणजे पुढच्याला ऐकू येतं ते मागच्याला येत नाही, आणि आमच्यासारख्या सावकाश चढणाऱ्या नेमक्या मागे असतात.

वाटाड्या मात्र सोन्यासारखा. पवन मावळातलाच, म्हणजे पवना नदीच्या खोऱ्यातला, पंचविशीचा मुलगा. लोहगडवाडीतून चढायला लागलो आणि गणेश दरवाजाशी त्याने सगळ्यांना थांबवलं. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे नागमोडी वाटेवर एकामागे एक आहेत. खालून येणारा माणूस वळणावळणाला वरच्या तटाच्या माऱ्यात कसा सापडतो, ते त्याने आम्हालाच खाली-वर उभं करून दाखवलं. मग विचारलं, "काकू, वेढा पडला तर गडावरचं आधी काय संपेल?" कुणी दारूगोळा म्हणालं, कुणी धान्य. मी पाणी म्हणाले. तो हसला आणि पुढे दोन दिवस जे काही दाखवायचं ते आधी मला हाक मारून दाखवू लागला.

लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची ती एकत्र नोंद आहे, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून शनिवार-रविवारची गर्दी आणखी वाढलीय म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा महादरवाजात अक्षरशः रांग होती. बहुतेक मंडळी दरवाजात फोटो काढून थेट विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांब सोंडेकडे पळतात. आमच्या वाटाड्याने आधी अष्टकोनी तळ्याशी नेलं, मग नाना फडणीसांच्या सोळाकोनी तळ्यावर. नानांनी १७८९ मध्ये हा गड पुन्हा मजबूत केला आणि एक बाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बांधून तिच्यावर लेख कोरवला. शके १७११, बाळाजी जनार्दन फडणीस (म्हणजे नाना) यांनी ही बाव धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्या देखरेखीखाली बांधवली, असा त्याचा आशय. कामावर देखरेख कुणाची हे दगडात कोरून ठेवलेलं ऐकून मला भरून आलं. आमच्या खात्यात ते नाव मोजमाप पुस्तकातल्या सहीपुरतं उरतं.

विंचूकाटा मात्र बघायचा राहून गेला. बसचा उशीर, त्यात ही गर्दी, म्हणून तो लांबूनच बघा असं आयोजकांनी सांगितलं. गडापासून जवळजवळ दीड किलोमीटर पुढे गेलेली ती सोंड वरून फार देखणी दिसते, पण जाऊबाई खास तिच्यासाठी आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, मला मात्र त्यांच्याकडे बघून वाईट वाटलं.

समोरचा विसापूर लोहगडापेक्षा उंच आहे. ४ मार्च १८१८ ला इंग्रजांनी विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड त्यांच्या हातात आला. शेजारचा उंच गड गेला की या तळ्यांचा नि चार दरवाजांचा काय उपयोग, हे तटावर उभं राहून विसापूरकडे बघितलं की कुणी न सांगता समजतं.

मुक्कामाचं घर साधं, स्वच्छ. जेवायला पिठलं, तांदळाची भाकरी, वांग्याची भाजी आणि इंद्रायणी तांदळाचा भात. भाताचं झाकण काढल्यावर जो वास आला त्याच्यासाठी मी पुन्हा जाईन. गाद्या पातळ होत्या, पांघरुणं भरपूर. बायकांसाठी दोन संडास, तेही एकतीस जणांच्या हिशोबाने कमीच. त्रास झाला तो शेजारच्या तंबूंचा. धरणाकाठी कुणीतरी रात्री साडेबारापर्यंत डीजे वाजवत होतं. त्यात आयोजकांचा दोष नाही, पण मुक्काम काठापासून थोडा आत, गावात ठेवला तर चांगलं.

रविवारी तिकोना. तिकोना पेठेतून चढ सुरू होतो. याचं दुसरं नाव वितंडगड. १६५७ मध्ये हा भाग महाराजांकडे आला आणि १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. १६७० मध्ये ते पुन्हा स्वराज्यात आले. वाटेत चपेटदान मारुती आहे, थप्पड मारायला हात उगारलेला. पुढे चुन्याचा घाणा आहे. दगडात गोल चर आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक, चाक फिरायला लागलं की चुना नि वाळू मळून निघायची. आम्ही कॉलेजात मॉर्टर मिक्सर शिकलो, त्याचा हा आजोबा.

आणि मग टाकी, कातळात खोदलेले पाण्याचे हौद. तुळजाई देवीच्या लेण्यापुढे आहेत, बालेकिल्ल्याच्या वाटेवर आहेत, वरही आहेत. वाटाड्याने एका टाक्याच्या काठावर मला खाली बसवलं आणि आतल्या भिंतीवर हात फिरवायला सांगितला. छिन्नीचे घाव अजून बोटाला लागतात, तिरके, एका दिशेने, ओळीत. अंगठ्याने दोन घावांमधलं अंतर चाचपलं तर ते सगळीकडे जवळपास सारखं. त्या माणसाचा हात किती बसलेला असेल!

काळ्या कातळातून पाणी सहसा झिरपत नाही, म्हणून टाक्यात साठलेलं पाणी टिकतं. जिथे दोन टाकी लागून असतात तिथे वरच्यात गाळ बसतो आणि खालच्यात निवळ पाणी येतं. खांबटाकं, म्हणजे आत खांब राखून खोदलेलं टाकं, असेल तर वर कातळाचंच छत, ऊन लागत नाही, वाफ कमी होते. टाकं खोदताना निघालेला दगड तटाला वापरायचा, म्हणजे खोदाई आणि बांधकाम एकाच खर्चात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात तर स्पष्टच आहे की आधी पाणी बघून मग किल्ला बांधावा, पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, आणि झरा असला तरी त्याच्यावर विसंबून राहू नये. हे त्याने मला टाक्याच्या काठावर बसून सांगितलं, हातात कागद नव्हता.

माझ्या पर्समध्ये टेप असते. एक लहान टाकं मोजलं. बारा फूट लांब, नऊ फूट रुंद. तळाचा गाळ कळेना, म्हणून पाणी सहा फूट धरलं. साडेअठरा हजार लिटरच्या आत-बाहेर. माणशी रोज दहा लिटर, पावसाळा संपल्यापासून पुढचा येईपर्यंत आठ महिने, वाफ न धरता. सात, फार तर आठ माणसं. वाटाड्याने आकडा वहीत उतरवून घेतला आणि म्हणाला, "म्हणजे काकू, शिबंदी किती ठेवायची हे टाक्यांनी ठरवलं." शिबंदी म्हणजे गडावरची फौज. मी नोकरीत इतका खूश झालेला कनिष्ठ अभियंता पाहिला नाही.

बालेकिल्ल्याच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. जाऊबाईंनी मला विचारलं, "वहिनी, जमेल ना?" वाटाड्या त्यांच्या एक पायरी खाली राहून शेवटपर्यंत चढला, एकदाही घाई केली नाही. वर महादेवाच्या देवळाशी बसलो. समोर तुंगचा सुळका आणि मध्ये पवनेचं पाणी पसरलेलं. हेच पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. तुंगही कार्यक्रमात होता, तो वेळेअभावी गळला. त्याचे पैसे परत मिळावेत असं मी म्हटलं, माणशी ३०० रुपये आले.

जायचं असेल तर शक्यतो मधल्या वारी जा, माणसं किती असतील ते आधी लेखी घ्या, आणि वाटाड्या पवन मावळातला आहे का विचारा. गुडघ्याची तक्रार असणाऱ्यांनी लोहगड जरूर करावा, तिकोन्याचा शेवटचा टप्पा विचार करून. वाटाड्याला माझ्याकडून पाचपैकी पाच, आयोजनाला अडीच.

येत्या चैत्रात तो आम्हा दोघींना तिकोन्यावर पुन्हा नेणार आहे, त्याच टाक्याशी. आठ महिन्यांतलं किती पाणी उरलंय ते मोजायचंय. दोरीला गाठी मारून ठेवल्या आहेत, दर फुटाला एक.