एकच गाडी घ्यायची असेल तर: नवी इलेक्ट्रिक की जुनी पद्मिनी?

निवृत्तीचे पैसे हातात आले आणि निपाणीच्या माझ्या मावसभावाच्या मनात दोन गाड्या एकदमच शिरल्या. एक नवी इलेक्ट्रिक, दुसरी कोल्हापुरात एका शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी. माझ्या दारात दोन्ही आहेत: वडिलांची १९८८ची पद्मिनी आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेली इलेक्ट्रिक. म्हणून त्यानं मला विचारलं. त्याला जे सांगितलं तेच इथं मांडतो.

आपल्याकडची खरी परीक्षा बेळगावहून गोव्याला जाताना लागणाऱ्या चोर्ला घाटात होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. दीड टनाची गाडी तेवढी वर चढवायला, सपाट रस्त्याचा खर्च सोडून, तीन युनिट वीज जादा लागते. हा शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा हिशेब आहे. उतरताना मात्र मोटरच गाडीला आवरते आणि त्यातली बरीच वीज बॅटरीत परत येते. ब्रेकला पाय क्वचितच लावावा लागतो. गोव्याला जाऊन येऊन अडीचशे किलोमीटर धरा, युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर धरा. २४ युनिटच्या बॅटरीची टाटाची टियागो असेल तर गोव्यात चार्ज केल्याशिवाय परत निघूच नका. चाळीस युनिटची असली तरी जेवायला थांबाल तेव्हा गाडी चार्जिंगला लावा.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, गिअर चार आणि तेही स्टीअरिंगला, ब्रेक चारही चाकांना ड्रम. उतारावर ब्रेक दाबून धरलात तर जळका वास येतो. दुसऱ्या गिअरवर सावकाश उतरायचं. चढताना इंजिन तापतं, म्हणून डिकीत पाण्याचा कॅन हवाच. मला हा घाट पद्मिनीतून जास्त आवडतो, पण घरात म्हातारं माणूस असेल आणि रात्री-अपरात्री निघावं लागत असेल तर तिच्या भरवशावर राहू नका.

खर्चाचं फार बोलत नाही. घरच्या मीटरवर इलेक्ट्रिक किलोमीटरला रुपया-सव्वा रुपयात पळते. पद्मिनीला नऊ-दहा रुपये लागतात.

दुरुस्तीचं मात्र नीट ऐका, कारण माझ्या मते निर्णय इथंच होतो. दोन वर्षांपूर्वी पद्मिनीचा वॉटर पंप गळायला लागला. नवा शाफ्ट कुठंच मिळेना. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका टर्नरकडं, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याकडं, जुना शाफ्ट घेऊन गेलो. त्यानं मायक्रोमीटर लावला, बोटानं झिजलेली जागा चाचपली आणि म्हणाला, ‘‘ठेवा की ओ हितं, चहा पिऊन या.’’ दोन तासांनी नवा शाफ्ट हात पुसायच्या कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून हातात दिला, अजून कोमट होता. आपल्या फाउंड्र्या आणि लेथ हे बेळगावचं भाग्य आहे. इथं जुनी गाडी सांभाळणं पुण्या-मुंबईपेक्षा सोपं आहे, असं मी खात्रीनं म्हणतो.

इलेक्ट्रिकची गोष्ट उलटी. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ती सुरूच होईना. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली होती, पण बारा व्होल्टची छोटी बॅटरी मेली होती, आणि ती मेली की सगळी गाडी मुकी. नवी बसवली तरी पडद्यावरचा बिघाडाचा इशारा जाईना. लॅपटॉप घेऊन माणूस हुबळीहून येईपर्यंत पाच दिवस गाडी दारात उभी. हे एवढं सोडलं तर तीन वर्षांत खोलण्यासारखं काही निघालं नाही, हेही तितकंच खरं. अशा गाड्यांच्या मुख्य बॅटरीवर साधारण आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी असते.

पेट्रोलचंही बघा. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसातून निघणारं हे इथेनॉल जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं खातं, शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर उभी ठेवलीत तर टाकीला आतून गंज धरतो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवा.

कोल्हापूरची गाडी घेणार असाल तर कागद आधी. एमएच-०९ पाटीची गाडी वर्षाहून जास्त कर्नाटकात ठेवायची तर इथं नवा नंबर घ्यावा लागतो, त्याआधी तिथल्या आरटीओची ना-हरकत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं. २० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२५ पासून त्याचं शुल्क १०,००० रुपये झालंय. ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी २०२१च्या नियमांत आहे, पण त्यासाठी गाडी ५० वर्षांवरची हवी, मूळ रूपात हवी, आणि ती रोजच्या वापराला नेता येत नाही. माझ्या पद्मिनीला २०३८ उजाडावं लागेल.

पुढं किंमत येईल म्हणून कुठलीच घेऊ नका. आजच्या इलेक्ट्रिक गाड्या तीस वर्षांनी कुणी जपून ठेवेल असं मला वाटत नाही, त्यांचा जीव कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. अपवाद बेंगळूरच्या रेवाचा. २००१ मध्ये आलेली ही गाडी साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर चालायची, सहा-सहा व्होल्टच्या आठ. एखादी चांगल्या पत्र्याची दिसली तर मी स्वतः घेईन.

बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्लीत राहत असाल आणि गाडी रस्त्यावर लावत असाल तर इलेक्ट्रिक नको, केबल कुठून कुठं ओढणार? पण गाडी लावायला स्वतःची जागा आहे, जवळपास रोज गाडी लागते, आणि एकच गाडी परवडते, तर इलेक्ट्रिकच. जुनी गाडी दुसरी म्हणून घ्यावी, तीही डोक्यावर छप्पर आणि रविवारची सकाळ मोकळी असेल तर.

मावसभावाला दर महिन्याला वहिनींना तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं. तरी त्याच्या समाधानासाठी आम्ही ती पद्मिनी बघून आलो. मॅट उचललं, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं दाबला, तर तो आरपार गेला. त्यानं इलेक्ट्रिक बुक केली. परवा वायरमननं चार्जरचं पंधरा अँपियरचं पॉइंट तपासलं तर अर्थिंगच नव्हतं. आता परसात खड्डा खणून कोळसा-मीठ भरून झालंय.