नातवंडांसाठी बुक केलेलं घर दुसऱ्याचंच निघालं

हे लिहायला मला दोन महिने लागले. मुलगी मागेच लागली होती, आई तू लिही, तुझ्या वयाच्या माणसांना कळू दे. शेवटी बसले आज.

सुट्टीत दोन्ही नातवंडांना घेऊन आठवडाभर कुठेतरी जायचं, आईबाबांशिवाय, फक्त आजी आजोबा आणि पोरं, असं आमच्या दोघांच्या मनात खूप दिवस होतं. नात दहा वर्षांची, नातू सहाचा. मुलीला आणि जावयांना सांगितलं सगळं आम्हीच करणार, तुम्ही काही बघायचं नाही. त्यात मला अभिमान वाटत होता हे खरं आहे.

समुद्राजवळचं एक घर सापडलं. एका मोठ्या बुकिंग साइटवरच दिसलं म्हणून शंका आली नाही. फोटो इतके छान, अंगणात झोका, मुलांसाठी बंक बेड, आणि ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून मी विचारलं खाली बेडरूम आहे का तर घरमालकाचं लगेच उत्तर आलं, हो आहे, बाथरूमला धरायला दांडा पण आहे. आता मागे वळून बघते तर मी जे जे विचारलं ते ते सगळं त्याच्याकडे होतंच, एकदाही नाही म्हणाला नाही. मुलांची वयं विचारली आणि म्हणाला, सहा वर्षांच्या मुलाला वरच्या बेडवर झोपवू नका हं, खालीच झोपवा. या एका वाक्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. इतकी काळजी करणारा माणूस फसवेल असं वाटेल का कोणाला?

मग म्हणाला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू, साइट कमिशन खाते, थेट दिलेत तर तुम्हाला स्वस्त पडेल, आणि अजून एक फॅमिली विचारतेय, संध्याकाळपर्यंत सांगा. लिंक पाठवली. तीच साइट, तेच रंग, तोच लोगो, वर कुलपाचं चिन्ह पण होतं. जावयांनी नंतर दाखवलं की पत्त्यात साइटच्या नावापुढे एक रेघ आणि एक जास्तीचा शब्द होता, म्हणजे वेगळीच साइट, आणि ती कधी नोंदवलीय ते शोधलं तर तीन आठवड्यांपूर्वी. ते कुलूप म्हणजे साइट खरी आहे असं नसतं, तुम्ही टाइप केलेलं मधल्या मधे कोणी वाचू शकत नाही एवढंच ते सांगतं, समोर चोर बसला असेल तर त्याला सगळं नीट पोचतं. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

कार्ड त्या पानावर चाललं नाही. तो म्हणाला सर्व्हर डाउन आहे, बँक ट्रान्सफर करा. हे म्हणाले अगं खात्यावर नाव भलतंच दिसतंय. मी विचारलं तर म्हणाला माझ्या अकाउंटंटचं खातं आहे. मी ह्यांना म्हटलं करा हो, घर जाईल हातातून. भाडं गेलं, दोन दिवसांनी डिपॉझिट पण गेलं. आणि मुलांचे आईवडील सोबत नाहीत म्हणून मुलांच्या पासपोर्टची कॉपी आणि आईवडिलांच्या सहीचं संमतीपत्र पण मागितलं. नातवंडांना घेऊन परदेशात जाताना असं पत्र खरंच बरेच ठिकाणी मागतात, त्यामुळे तेही बरोबरच वाटलं. मी सगळं फोटो काढून पाठवलं.

पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, पोरं प्रवासाने पार कंटाळलेली. घर अगदी फोटोतलंच. अंगणात झोका दिसला आणि आम्ही बेल वाजवायच्या आतच धाकटा त्यावर जाऊन बसला. दार एका बाईंनी उघडलं. त्या घरच्याच होत्या, तिथेच राहतात, भाड्याने कधीच दिलेलं नाही. काही वर्षांपूर्वी घर विकायला काढलं होतं तेव्हाचे फोटो कोणीतरी उचललेले. म्हणाल्या, या महिन्यात तुम्ही तिसरे. मी तिथेच उभी राहून त्याला फोन करत होते, बंद, बंद, बंद, आणि मागे नातू झोका घेत होता, त्या बाईंनी त्याला उतर म्हटलं नाही. नात माझा हात धरून विचारत होती, आजी आपलं घर कुठलं मग?

हॉटेलात दोन रात्री काढल्या आणि परत आलो.

आता जे सांगते ते मला सगळ्यात जड जातं. आम्ही घरी सांगितलं नाही. मुलीला म्हटलं घर आवडलं नाही म्हणून हॉटेलात राहिलो, आणि दहा वर्षांच्या पोरीला सांगितलं की आईला काही बोलू नकोस. भीती वाटत होती की पुन्हा मुलं आमच्याबरोबर पाठवणार नाहीत. आणि याच लपवण्यामुळे आम्ही दुसऱ्यांदा फसलो.

दहा दिवसांनी फोन आला, रिफंड विभागातून बोलतोय, तुमच्यासारख्या बऱ्याच तक्रारी आल्यात, तुमचे पैसे परत करायचेत. त्याला तारखा माहीत, रक्कम माहीत, नातवंडांची वयं पण माहीत. मला रडूच आलं, वाटलं देव पावला. अहो ती माहिती त्यांना आमच्याकडूनच मिळालेली होती ना! एकदा फसलेल्या माणसांच्या याद्या हे लोक ठेवतात आणि एकमेकांना विकतात पण. प्रोसेसिंग फी मागितली, ती भरली, मग म्हणाला एक अ‍ॅप टाका म्हणजे फॉर्म मीच भरून देतो. त्या अ‍ॅपमधून त्याला माझ्या फोनची स्क्रीन दिसत होती, ओटीपी येत होते ते तो बघत होता.

नात शेजारी होती. ती उठली आणि आईला फोन केला, मी नको सांगितलेलं असताना.

मुलीने आधी फोन बंद करायला लावला, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवलं, कार्ड आणि खातं ब्लॉक केलं. शेवटचा एक व्यवहार अडला, बाकीचे गेले. बँकेतल्या माणसाने सांगितलं की ट्रान्सफर त्याच दिवशी कळवलं असतं तर समोरचं खातं गोठवायची काहीतरी शक्यता होती, पैसे तिथे फार वेळ थांबत नाहीत, लगेच पुढे पुढे जातात. क्रेडिट कार्डाने भरलं असतं तर सेवा मिळालीच नाही म्हणून चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता, व्हिसा मास्टरकार्डच्या नियमात त्याला साधारण १२० दिवस मिळतात. म्हणूनच तर ते लोक कार्ड चालू देत नाहीत. पोलिसात तक्रार दिलीय, ट्रान्सफरचे पैसे अजून आलेले नाहीत.

पैशापेक्षा मला त्या पासपोर्टच्या कॉप्या खातात. मोठ्या माणसाच्या नावाचा गैरवापर झाला तर बँकेची नोटीस तरी येते, मुलांच्या नावावर काही नसतंच त्यामुळे वर्षानुवर्षं कळत नाही. कोणालाही मुलांची कागदपत्रं अशी पाठवू नका. खरंच द्यावी लागली तर कॉपीवर आडवं लिहा कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला.

फोटो गूगल लेन्सवर टाकून बघितले असते तर ती घर विक्रीची जुनी जाहिरात सापडली असती, जावयांना एका मिनिटात सापडली.

पुढच्या सुट्टीचं घर परवा बुक केलं. नात शेजारी बसलेली, सगळं बोलणं साइटवरच, पैसे साइटवरच, क्रेडिट कार्डाने, आणि रक्कम भरायच्या आधी मुलीला पत्ता पाठवला. मालकीणबाईंना व्हिडिओ कॉल करून घर दाखवा म्हटलं तर त्यांनी आनंदाने खोल्या फिरून दाखवल्या. धाकट्याने मधेच डोकं घालून विचारलं झोका आहे का. त्या म्हणाल्या नाही रे बाळा, झोका नाही.