‘बिल नको असेल तर तेवढे वाचतील, मॅडम’

छाती मोठी करण्याच्या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे बायका एकमेकींशीसुद्धा बोलत नाहीत. या धंद्यातल्या लबाडांचं सगळं गणित त्यावरच चालतं, म्हणून लिहितेय.

दोन बाळंतपणांनंतर मी बरंच वजन उतरवलं आणि छाती ओघळली. नवऱ्याशी बोलून ऑपरेशन करायचं ठरवलं. (कोणाला हे कारण पटत नसेल तर राहू दे.) पुण्यातल्या एका कॉस्मेटिक सेंटरमध्ये गेले. तिथे पांढऱ्या कोटातल्या बाईंनी सगळं समजावलं. त्या डॉक्टर नाहीत, पॅकेज विकणाऱ्या काउन्सेलर आहेत, हे फार उशिरा कळलं.

त्यांनी आधी फिलरचं, म्हणजे टोचून आकार भरून काढणाऱ्या जेलचं, इंजेक्शन माझ्या माथी मारायचा प्रयत्न केला. अर्ध्या तासात काम, म्हणे. स्तन मोठे करण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांना परवानगी देणारी सरकारी संस्था) एकाही फिलरला मान्यता दिलेली नाही, पण ते कोण सांगणार? पोटाची चरबी काढून छातीत भरणं हा खरा पर्याय आहे. मात्र त्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं आणि आकारात फरक बेताचाच पडतो. शेवटी सिलिकॉन जेलचं इम्प्लांट, म्हणजे छातीत बसवायची जेल भरलेली पिशवी, ठरलं: नावाजलेली परदेशी कंपनी, २७५ सीसी, गुळगुळीत पृष्ठभागाचं. गुळगुळीतचा आग्रह माझा होता. खरखरीत इम्प्लांटचा लिम्फोमा या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध दिसल्याने २०१९ मध्ये ॲलरगन कंपनीने आपली बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली, हे मी वाचलं होतं.

‘लाइफटाइम आहे मॅडम, परत बघायलाच नको.’ साफ खोटं. इम्प्लांट जन्मभर टिकेल असं कोणी सांगू शकत नाही. जेलचं असेल तर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून ते आतल्या आत फुटलेलं नाही ना हे बघावं, असं एफडीए सांगते.

मग पैशांचं बोलणं. ‘बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर. नको असेल तर तेवढे वाचतील.’ निव्वळ सौंदर्यासाठीच्या सर्जरीवर जीएसटी खरंच लागतो आणि मेडिक्लेमही मिळत नाही, त्यामुळे बिल घेऊन करायचं काय, असं कोणालाही वाटेल. मेख नेमकी इथेच आहे. बिल नाही म्हणजे काय विकलं त्याचा कागदही नाही.

इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, आकार आणि सिरियल नंबर छापलेले स्टिकर असतात. एक हॉस्पिटलच्या फाइलला लागतं, एक पेशंटला मिळायला हवं. मी मागितलं तर ‘व्हॉट्सॲपवर पाठवतो’. आजतागायत आलेलं नाही. २०१० मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीचं बिंग फुटलं. ती इम्प्लांटमध्ये चक्क औद्योगिक वापराचं सिलिकॉन भरत होती. अशा वेळी आपल्या छातीत कोणतं इम्प्लांट आहे, हे सांगणारं ते एक चिठोरंच असतं.

काही महिन्यांत डावी बाजू दगडासारखी घट्ट होऊन वर सरकली. सेंटरचं उत्तर ठरलेलं: ‘मसाज करा.’ दुसऱ्या सर्जनकडे गेले. ते प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. (सर्जरीतली वरची पदवी) आहेत. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं ते आवळलं होतं. हे चांगल्या सर्जनच्या हातूनही होऊ शकतं, त्याला मी फसवणूक म्हणत नाही. फसवणूक दिसली ती दोन्ही बाजूंची इम्प्लांट काढल्यावर. मागच्या चकतीवर ठसा असतो. त्यावर भलत्याच कंपनीचं नाव आणि ३२५. आणि अंगठा फिरवला तर पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत.

जाब विचारायला गेले तर मॅनेजर शांतपणे म्हणाला, ‘तुमची नोंदच नाही आमच्याकडे. आणि मॅडम, हे प्रकरण वाढवलंत तर सासरी, सोसायटीत तुमचंच नाव खराब होईल.’ एवढ्यावर बायका परत फिरतात, हे त्याला अनुभवाने माहीत असणार. सासूबाईंना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. त्या आधी चिडल्या, मग म्हणाल्या, ‘पैसे सोडू नकोस.’

टोकन मी यूपीआयने भरलं होतं, चॅट शाबूत आहेत, काढलेली इम्प्लांट सर्जनच्या लेखी रिपोर्टसह माझ्या ताब्यात आहेत. त्यावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सेंटरवाले ‘बघू, करू’ म्हणत नेमकी तीच घालवतात.

ऑपरेशनची भीती वाटून तेल-क्रीमकडे वळणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या: स्तनांचा आकार बदलण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरातच १९५४ च्या कायद्याने बंद आहे. आणि ऑपरेशनच करायचं असेल तर चाकू धरणाऱ्या सर्जनचं नाव आधी लेखी घ्या आणि ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत तपासा. भूल देण्याआधी सीलबंद खोका समोर आणायला सांगा, सोबतच्या माणसाला लेबलचा फोटो काढू द्या. सेंटर याला नाही म्हणालं, तर टोकनवर पाणी सोडून उठा.